काकांची सही का चालत नाही?

लग्नाची नोंदणी करायला रजिस्ट्रारच्या कचेरीत जाताना साक्षीदार म्हणून आपण कोणाला नेतो? मामाला, काकांना, आत्याच्या यजमानांना. घरचं माणूस सोबत असलं की जिवाला बरं वाटतं. ज्यू लग्नात मात्र काकांना ही सही करता येत नाही. किनाऱ्यालगतची वाडी त्यांनी ठरवलेली असते, मांडवाचे बांबू त्यांनी आणलेले असतात, विमानतळावरून पाहुणे आणायला गाड्याही त्यांनीच पाठवलेल्या असतात. तरी लग्नाच्या करारावर साक्षीदार म्हणून सही करतो तो कोणी तिसराच, नवरा-नवरीशी नात्याने काहीही न लागणारा माणूस.

माझ्या मावसबहिणीचं लग्न अलिबागजवळच्या नागावच्या समुद्रकिनाऱ्यावर लागलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्या संध्याकाळी इतर समाजातल्या पाहुण्यांनी मला फिरून फिरून दोनच प्रश्न विचारले. एक हा काकांचा. दुसरा, सिनेगॉग सोडून वाळूवर लग्न लागतंच कसं? दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत, आणि ती शोधायची तर लग्न लागतं तो नेमका क्षण कोणता, हे आधी पाहावं लागतं.

लग्न लागतं कशाने?

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे विवाहाच्या गाभ्यात चारच गोष्टी आहेत. वराच्या मालकीची काहीतरी मोलाची वस्तू, ती देताना म्हणायचं एक वाक्य, वधूने ती राजीखुशीने स्वीकारणं आणि हे समोर उभं राहून पाहणारे दोन साक्षीदार. या पहिल्या टप्प्याला 'किद्दुशीन' म्हणतात. यात इमारत कुठेच येत नाही. विधी चालवणारा हज्जानसुद्धा शास्त्राच्या दृष्टीने अपरिहार्य नाही. तो जाणकार असतो, काही चुकू नये म्हणून उभा असतो.

साक्षीदार मात्र अपरिहार्य आहेत, आणि त्यांचं काम आपल्या ओळखीच्या साक्षीदारापेक्षा वेगळं आहे. मी तुम्हाला पैसे उसने दिले आणि तिथे कोणी साक्षीला नसलं, तरी कर्ज खरंच असतं. उद्या भांडण झालं तर ते सिद्ध करायला साक्षीदार हवा, एवढंच. किद्दुशीनमध्ये दोन लायक साक्षीदार हजर नसतील तर लग्न झालेलंच नसतं. नवरा-नवरी दोघांनी शपथेवर सांगितलं, तरी नाही. साक्षीदार हा इथे लग्नाचा घटकच आहे.

आता काकांकडे वळू. बाप, मुलगा, भाऊ, काका, पुतण्या, सासरा, जावई असे जवळचे नातेवाईक एकमेकांसाठी साक्ष देऊ शकत नाहीत, आणि दोन साक्षीदारही एकमेकांचे नातलग असून चालत नाहीत. नातलग खोटं बोलतील, अशी शंका यामागे असेल असं वाटतं. तालमुद, म्हणजे ज्यू धर्मचर्चेचा प्राचीन ग्रंथ, ही शंका स्पष्ट शब्दांत बाजूला सारतो. मोशे आणि अहरोन या भावांइतकी विश्वासू माणसं असली तरी नियम त्यांनाही लागू आहे, असं तिथे म्हटलंय. नियमाचा रोख माणसाच्या खरेपणावर नाही. दोन घरांमधला हा व्यवहार घराबाहेरच्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे, असा मी त्याचा अर्थ लावते.

यातून एक बारीक अडचण उभी राहते. मांडवात दोनशे माणसं पाहत असतात आणि त्यातली निम्मी नात्यातली असतात. साक्षीदारांच्या गटात एक जरी अपात्र माणूस मिसळला तरी सगळ्या गटाची साक्ष बाद होते, असाही नियम आहे. म्हणून अंगठी घालण्याआधी दोन साक्षीदार मोठ्याने नेमले जातात. साक्षीला हे दोघेच, बाकीचे सगळे पाहुणे, असं जाहीर होतं.

मुंबईत असे साक्षीदार मिळणं सोपं आहे. अलिबागच्या बाजूला आता ज्यू घरं इतकी थोडी उरलीत, आणि ती एकमेकांत इतकी गुंतलेली, की नात्यात नसलेले दोन धर्मपाळू पुरुष शोधणं हेच लग्नाच्या तयारीतलं अवघड काम होऊन बसतं. आमच्याकडे एक साक्षीदार पुण्याहून आला, दुसरा ठाण्याहून. आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला 'मिन्यान' म्हणतात. त्यात नातेवाईक चालतात, त्यामुळे ती संख्या सहज भरली.

बिनखड्याची अंगठी

ज्यू लग्नाची अंगठी साधी, बिनखड्याची असते. कारण सरळ आहे. किद्दुशीन हा स्वीकार आहे, आणि आपण काय स्वीकारतो आहोत हे स्वीकारणाऱ्याला ठाऊक हवं. सोन्याच्या वळ्याची किंमत साधारण कोणालाही कळते. हिरा खरा की खोटा, किती मोलाचा, हे पाहून सांगता येत नाही. वधूचा अंदाज फार चुकला तर तिच्या संमतीतच खोट राहते. किंमत मोठी असावी असा आग्रह मुळीच नाही, शास्त्राने सांगितलेली किमान किंमत जुन्या काळातल्या सर्वात लहान तांब्याच्या नाण्याइतकी आहे. पण अंगठी वराच्या मालकीची हवी, कोणाकडून तेवढ्यापुरती मागून आणलेली चालत नाही.

ती उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात. ते बोट पुढे करता येतं, साक्षीदारांना नीट दिसतं. मोशे आणि इस्राएलच्या धर्मनियमाप्रमाणे या अंगठीने तू माझी झालीस, अशा अर्थाचं हिब्रू वाक्य वर म्हणतो.

त्याआधीची आमच्या समाजाची एक रीत मला फार प्रिय आहे. पांढऱ्या साडीतली वधू येत असताना वर तिच्याकडे पाहत 'योनाती' हे हिब्रू गीत गातो. 'योनाती' म्हणजे माझी कबुतरी. नवरा मुलगा सुरेल असो वा नसो, गाणं त्यालाच म्हणावं लागतं. नागावला लाटांच्या आवाजात त्याचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना, तेव्हा मागच्या बायकांनी ते उचलून धरलं.

चार बांबू आणि समुद्रावरचा वारा

लग्नाचा दुसरा टप्पा 'निस्सुईन'. वधू-वर एका छताखाली येतात आणि सात आशीर्वाद म्हटले जातात. ते छत म्हणजे 'हुप्पा'. चार खांबांवर ताणलेलं कापड, चारी बाजू उघड्या. अनेकदा ते कापड म्हणजे तालीत, प्रार्थनेच्या वेळी पुरुष पांघरतात ती गोंडे लावलेली शाल असते. नव्या घराची ही खूण आहे.

युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये हुप्पा उघड्या आभाळाखाली लावायची जुनी रीत आहे, तुमची संतती ताऱ्यांसारखी होवो या भावनेने. अब्राहमला मिळालेल्या ज्या आशीर्वादावरून हे आलं, त्यात आकाशातल्या ताऱ्यांबरोबर समुद्रकाठच्या वाळूचीही उपमा आहे. आमची प्रार्थनापद्धत सेफार्दी, आणि लग्नं बहुधा सिनेगॉगमध्येच लागतात. पण बाहेर लग्न लावायला शास्त्राची आडकाठी नाही.

आडकाठी असते ती वाऱ्याची. चार बांबूंना बांधलेलं कापड म्हणजे होडीचं शीडच. वारा धरणं हाच त्याचा गुण. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, आणि कोरड्या वाळूत रोवलेला बांबू एवढा जोर सहन करत नाही. कारण कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. ओल्या वाळूत कणांमधलं पाणी त्यांना बांधून ठेवतं. म्हणून नागावच्या मांडववाल्याने बांबूंची बुडं ओली वाळू ठासून भरलेल्या पिंपांत रोवली, आणि तरीही प्रत्येक बांबूपाशी एकेक धट्टाकट्टा भाचा उभा केला. हुप्पाचे खांब माणसांनी हातात धरणं ही जुनी, मान्य पद्धत आहे, आणि इथे नातेवाईक हक्काने चालतात. काकांनी एक बांबू धरला तो शेवटपर्यंत.

वेळेचीही मदत होते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा दुपारी जोरात असतो. ऊन उतरलं की जमीन भराभर निवते, वारा मंदावतो, आणि रात्री उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. या दोन वाऱ्यांच्या मधला निवांत काळ हिवाळ्यात साधारण सूर्यास्ताच्या आगेमागे मिळतो.

तिथी, भरती आणि ज्यू पंचांग

ज्यू महिना आपल्या महिन्यासारखाच चंद्राचा आहे. अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला सुरू होतो, पंधराव्या दिवसाला पौर्णिमा. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घालतात. त्यामुळे हिब्रू तारीख हातात असली की आपली तिथी, एखाद्या दिवसाच्या फरकाने, आपोआप कळते. आणि तिथी कळली की कोकणात भरतीची वेळ कळते.

आपल्याकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण किनाऱ्यावर खुर्च्या मांडायच्या की नाहीत हे ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारच्या बाराच्या सुमारास येते. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तास जातात, त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास पाणी पार ओसरलेलं असतं. शिवाय हे उधाणाचे दिवस, ओहोटीही मोठी. अलिबागला अशा वेळी लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात. लग्नाला याहून रुंद अंगण मिळायचं नाही.

बहिणीचं लग्न शेवात महिन्याच्या पौर्णिमेला धरून ठेवलं होतं. शेवातची १५ तारीख म्हणजे 'तू बिश्वात', झाडांचं नवं वर्ष. आमच्या समाजात त्याच सुमारास अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा उरूस भरतो. एलियाहू संदेष्टा तिथल्या खडकावरून स्वर्गात गेला, रथाच्या चाकाची खूण अजून दगडावर आहे, अशी आमची श्रद्धा. इस्राएलहून येणाऱ्या नातेवाइकांना एका खेपेत उरूसही घडला आणि लग्नही.

चौकट : समुद्रकाठच्या लग्नाची तारीख धरताना
शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत. या काळात लग्न नाही, कारण लिहिणं, सही करणं, देवघेव सगळंच वर्ज्य. पेसाह सणापासून मोजायच्या 'ओमर' नावाच्या ४९ दिवसांपैकी साधारण ३३ दिवस लग्नं लागत नाहीत. हा काळ एप्रिल-मे महिन्यांत येतो, म्हणजे आपल्या लग्नसराईतच. तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंत तीन आठवडे शोकाचे. ते भर पावसाळ्यात येतात, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर तसंही कोणी मांडव घालत नाही. मंगळवार शुभ मानतात, कारण सृष्टीच्या निर्मितीच्या कथेत तिसऱ्या दिवशी 'हे चांगलं आहे' असं देवाने दोनदा पाहिलं.

सूर्य बुडायच्या आत की नंतर?

दोन टप्प्यांच्या मध्ये हज्जान 'केतुबा' वाचतो. केतुबा हा अरामी भाषेतला लग्नाचा करार. पूर्वी किद्दुशीन आणि निस्सुईन यांच्यात वर्षभराचं अंतर असे. मध्ययुगात दोन्ही एका बैठकीत आले, आणि ते वेगळे आहेत हे दिसावं म्हणून मध्ये हे वाचन आलं.

केतुबात प्रेमाबद्दल फार काही नसतं. नवऱ्याने बायकोला अन्न, वस्त्र, संसारसुख द्यायचं, आणि घटस्फोट झाला किंवा तो वारला तर ठरलेली रक्कम द्यायची, ही त्याची लेखी जबाबदारी. पहिल्या लग्नाला २०० झूझ, विधवेच्या पुनर्विवाहाला १००. झूझ हे प्राचीन चांदीचं नाणं. बाईला रस्त्यावर यावं लागू नये, हा त्यामागचा उघड हेतू आहे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या हातात असा कागद होता याचं मला मोठं अप्रूप वाटतं. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बाबाथा नावाच्या स्त्रीची कागदपत्रं सापडली, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. त्यांत तिचा केतुबाही होता. तिने तो गुंडाळून, जपून ठेवला होता.

हा मालमत्तेवर बोजा चढवणारा दस्त असल्याने त्यावरची तारीख काटेकोर हवी. आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो. रविवारी सूर्य बुडाला की सोमवार सुरू. समजा, करारावर आदल्या दिवसाची तारीख पडली आणि जबाबदारी प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी स्वीकारली. मधल्या काळात नवऱ्याकडून कोणी जमीन विकत घेतली असेल तर बायकोचा हक्क त्या जमिनीवरही पोचेल, आणि घेणारा निष्कारण बुडेल. म्हणून मागची तारीख घातलेला दस्त शास्त्र मानत नाही. समुद्रकाठी सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर फोटो हवेत म्हणून लग्न नेमकं त्याच वेळी धरतात, आणि हज्जानची खरी धांदल तिथे होते. आमच्या हज्जानने वराला सूर्य क्षितिजाच्या वर असतानाच बाजूला घेतलं, त्याच्या हातात रुमाल दिला, वराने तो उचलून धरला, साक्षीदारांनी सह्या केल्या. रुमाल उचलणं म्हणजे जबाबदारी पत्करणं. हे दिवस बदलायच्या आत झालं, त्यामुळे पुढे अंगठी अंधार पडताना घातली तरी करारावरची तारीख खरी राहिली.

गावाचं नावही असंच जपून लिहितात. एका नावाची गावं अनेक असतात, महाराष्ट्रात नागाव नावाचीच कितीतरी आहेत. म्हणून गावाजवळचं पाणी नोंदवायची जुनी पद्धत आहे. अमुक नदीकाठचं, किंवा समुद्राच्या काठी वसलेलं अमुक गाव. इटलीतल्या बंदरांच्या जुन्या केतुबांत समुद्रकाठचा हा उल्लेख आढळतो. नागावच्या केतुबात तो लिहिताना कोणालाही मान वर करून पाहायची गरज नव्हती.

कागद नसल्याची किंमत

लग्न आणि घटस्फोट यांच्या कागदांना एवढं महत्त्व आलं की ते नसलेल्यांवर संशय येतो. आमच्या समाजाने तो सोसलाय. आमची पूर्वापार कथा अशी, की नवगावजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि कोकणात राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखली गेली. गावांवरून नवगावकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं लागली. शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगाशी संबंध नव्हता. मग समाजातली बरीच माणसं इस्राएलला गेली, आणि १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या, बेने इस्राएल माणूस समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करत असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. कोकणात घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका त्यामागे होती. घटस्फोट सदोष असेल तर बाईचा पुढचा विवाह आणि त्या मुलांचं स्थान, सगळंच अडचणीत येतं.

तर्क शास्त्राला धरून असेल, पण वागणूक अपमानाची होती. जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी धरणं धरलं. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला त्यावर खास बैठक घ्यावी लागली आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, हे सरकारने ठामपणे मांडलं. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका आपला केतुबा दागिन्यांच्या डब्यात का ठेवत, ते यावरून कळावं.

वाळूवर काच फुटत नाही

सात आशीर्वाद झाले की वर पायाखाली पेला फोडतो. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, त्याची आनंदाच्या क्षणीही आठवण असावी म्हणून. तालमुदात एक गोष्ट आहे. आपल्या मुलाच्या लग्नात विद्वान मंडळी फारच रंगात आलेली पाहून रविना नावाच्या गृहस्थाच्या मुलाने ४०० झूझ किमतीचा पेला त्यांच्यापुढे फोडला, आणि सगळे गंभीर झाले.

काच फुटते ती तिच्यावरचा जोर एखाद्या बिंदूवर एकवटतो तेव्हा. फरशीवर पेल्याची कड टेकते तिथेच सगळा भार येतो आणि तडा जातो. वाळू दबते, पेल्याच्या आकाराची खळगी करते आणि भार सगळीकडे वाटून टाकते. कितीही जोराने पाय मारा, पेला आख्खाच्या आख्खा रुततो. म्हणून समुद्रकाठच्या लग्नात सागवानी पाट ठेवतात. पेला जाड रुमालात घट्ट गुंडाळायचा, नाहीतर अनवाणी पाहुण्यांच्या पायात काचा. नागावला पाट चांगला रुंद होता. पहिल्याच दणक्यात आवाज आला आणि 'माझल तोव' या शुभेच्छेचा गजर झाला.

नारळाच्या दुधाची सोय

धर्मनियमाप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. कोकणात राहिलेल्या आमच्या बायकांना याचा त्रास फारसा झालाच नाही, कारण दुधाचं काम नारळाने केलं. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, नंतरच्या हलव्यातही तेच. मासे खवले आणि पर असलेलेच, म्हणजे पापलेट चालतं. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी नाहीत. नागावसारख्या ठिकाणी केटररला हे आधी नीट सांगावं लागतं.

लग्नाआधी घरी मेंदी आणि 'मलिदा' झाला होता. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि फळं, एलियाहू हन्नबीच्या नावाने. हा विधी जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात असा नाही. लोद आणि अश्दोदला स्थायिक झालेली आमची माणसं तिथेही तो मराठीत बोलतबोलत करतात.

लग्नानंतर सात दिवस नवदांपत्याला जेवणं असतात, आणि जेवणानंतर तेच सात आशीर्वाद पुन्हा म्हणतात. अट अशी की पंगतीत लग्नाला हजर नसलेला एक तरी माणूस हवा, शब्बाथ सोडून. त्यामुळे विमान चुकलेला, रजा न मिळालेला, उशिरा येऊन ओशाळलेला नातलग त्या आठवड्यात मानाचा पाहुणा ठरतो. बहिणीचा एक चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी मांडव्याच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याला आणायला दोन घरांतून दोन गाड्या गेल्या होत्या.